शेजारच्या खुर्चीतला सत्यजित

१

स्प्रे सापडला. रुकय्याआपावरचं बालंट टळलं. आणि ज्यानं तो घेतला होता, त्याच्यावर सगळ्यांनी मिळून पांघरूण घातलं. खरोखरचं, क्लिनिकचं, निळं. संपली गोष्ट.

आता असं धरून चाला की यातलं काहीच घडलेलं नाही. रमजानची दुपार आहे. इकॉनॉमिक सिटीच्या रुंद रिकाम्या रस्त्यांवर फक्त सिग्नल ड्युटीवर आहेत, आणि राहील मुकादम क्लिनिकच्या गाडीत मागे बसून जेद्दाहून येतो आहे.

राहील विमा कंपनीत दावे तपासायचा. म्हणजे अमका आजारी आहे असं डॉक्टरनं लिहिलं, की खरंच आहे का, असं विचारायचं. म्हसळ्याला त्याची आई सांगत फिरे, पोरगा सौदीत मेडिकल लाइनला आहे. तो स्वतः म्हणे, मला दुसऱ्याच्या दुखण्यावर संशय घेण्याचा पगार मिळतो. धंदा असा असला की माणूस वयाच्या मानानं लवकर शांत होतो. राहील इतका शांत होता की लग्नाच्या वाटाघाटींत मुलीकडच्यांनी दोनदा विचारलं, मुलाची तब्येत बरी आहे ना.

फोन क्लिनिकचे मॅनेजर जमालुद्दीन यांचा आला होता. त्यांचं गाव हर्णै, आणि आवाज कायम सूचना फलकासारखा. ते एवढंच म्हणाले, की एक स्प्रे कमी भरतोय, मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानपर्यंत सापडला नाही तर मला वर कळवावं लागेल, तोवर तू येऊन बघ.

'वर' म्हणजे कुठे, हे सौदीत कुणी विचारत नाही.

गाडी चालवणाऱ्या केरळी ड्रायव्हरला मात्र वेगळंच नवल वाटत होतं. तो हिंदीत सांगत होता, की जमालुद्दीनसाहेब पाहुण्याला आणायला नेहमी स्वतः येतात. समोरच्या मशिदीत जायचं तरी गाडी काढतात, एवढा त्या गाडीवर जीव. आज पहिल्यांदा किल्ली माझ्या हातात दिली. रोजा लागला असेल, डोकं दुखतंय म्हणाले.

राहीलनं मान डोलावली. रोज्यात डोकं त्याचंही दुखत होतं. चहा नसला की सगळं कोकण सारखंच दुखतं.

२

क्लिनिक लहान होतं, समुद्राकडे तोंड करून बसलेलं. गोळ्यांनी ज्यांना गुण येत नाही अशा मोठ्या माणसांच्या डिप्रेशनवर तिथं नव्या पद्धतीचे उपचार चालत. डॉक्टर अरवा या सौदी बाईंनी राहीलला ते इंग्रजीत, भराभरा समजावलं. औषध एस्केटामाइन. भूल देण्याच्या औषधाचं सख्खं भावंड, म्हणून कुलुपात. पेशंट स्प्रे स्वतःच्या हातानं नाकात मारतो, मागे कलणाऱ्या खुर्चीत पडून राहतो, आणि काही काळ स्वतःपासून जरा लांब जाऊन बसतो. नर्सनं जागचं हलायचं नाही. खाली आल्यावर त्यानं तिथून काय पाहिलं यावर अरवा त्याच्याशी बोलतात, आणि खरा उपचार तो. त्या दिवशी गाडी चालवायची नाही. रिकामा स्प्रे कुलूपबंद पिवळ्या पेटीत टाकायचा. खोलीत कॅमेरा नाही, कारण माणूस रडत असताना कॅमेरा नसावा, असा जमालुद्दीनसाहेबांचा नियम.

"सगळे नियम त्यांचेच," अरवा म्हणाल्या. "मला जांभई द्यायची असेल तरी आधी फलक बघते."

आज सकाळी एकच पेशंट होता, सत्यजित, नाशिकचा, इंडस्ट्रियल व्हॅलीतल्या प्लास्टिकच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनियर. त्याला तीन स्प्रे ठरलेले. पण गेल्या खेपेपासून त्याच्यात फरक दिसत होता, म्हणून अरवांनी आयत्या वेळी, तोंडी, दोनच द्यायला सांगितले. तिसरा ट्रेमध्ये राहिला, आणि शेवटी ट्रे परत करताना ट्रेमध्ये नव्हता. तेव्हापासून सगळ्यांचे खिसे, कपाटं, कचऱ्याचे डबे आणि मागच्या खजुराचं आळंसुद्धा उलथून झालं होतं.

ट्रे रुकय्याच्या ताब्यात होता. रुकय्या बाणकोटची, या क्लिनिकची सर्वांत जुनी नर्स. नवरा हयात नाही. मुलगी लाइबा इंडियन स्कूलमध्ये दहावीला, आणि उद्या तिचा बोर्डाचा पेपर. रुकय्या ताठ बसली होती, पण हातातली तसबी एकाच मण्यावर अडकलेली.

"मी खोलीतून हललेच नाही," ती म्हणाली. राहीलनं अजून काही विचारलंही नव्हतं.

"आपा, मी विम्याचा माणूस आहे. न विचारता मिळालेलं उत्तर आम्ही आधी तपासतो."

तिनं तसबी मुठीत धरली. म्हणाली, "मला आत टाकलं तर लाइबाला उद्या पेपरला सोडायला कोण जाईल, तेवढं फक्त आधी ठरव."

मग राहील जमालुद्दीनना भेटला. केबिनचे पडदे ओढलेले, टाय घट्ट, डोळे लाल. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. फक्त एवढं म्हणाले, की नाकातून औषध घशात उतरलं की रोजा तुटतो. इथले आम्ही सगळे रोज्यात. मग उरलं कोण, ते तुझं तू बघ.

उरले होते सत्यजित आणि त्याची बायको मंजिरी. आणि मंजिरी सकाळपासून पर्स पोटाशी धरून बसली होती, हे राहीलनं आल्या आल्या पाहिलं होतं.

३

आधी त्यानं फार्मासिस्ट हम्मादला उठवलं. हम्माद हा जिझानचा तरुण. रमजानात रात्रभर जागायचं आणि दिवसा औषधांच्या सान्निध्यात झोपायचं, असं त्याचं वेळापत्रक. तीन दिले, सही घेतली, खलास, असं म्हणून तो पुन्हा डोळे मिटू लागला. चोर तुमच्या दारावरून गेला तर कळलं असतं का, असं विचारल्यावर त्यानं प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाला, चोरानं मला उठवलं असतं तर.

मग राहील मंजिरीसमोर बसला. तिनं पर्स आणखी जवळ ओढली. तिचं म्हणणं, बाईमाणसाची पर्स आहे, उघडणार नाही. आणि आपण नवऱ्याच्या शेजारच्या खोलीत मासिक वाचत बसलो होतो. मासिक कुठलं, तर अरबी.

राहीलनं मोठा श्वास घेतला. रोजेदाराचं नाक दुपारनंतर पोलिसांच्या कुत्र्याची शिकवणी घेऊ शकतं.

"वहिनी," तो म्हणाला, "भाजणीचं थालीपीठ आहे. कांदा घातलेलं. बहुतेक शेजारी दही."

मंजिरी सरळ रडायलाच लागली. सगळे उपाशी असताना त्यांच्यासमोर खाणं बरं दिसत नाही, म्हणून ती चादरी ठेवायच्या खोलीत दार लावून खात होती. गेली दोन वर्षं ती अशीच कुठेतरी दारामागे जेवायची. घरी नवरा ताटावर बसायचा आणि ताटच बघत राहायचा. आमटीत मीठ नसलं तरी बोलायचा नाही. नाशिकचा माणूस, राहीलभाऊ, आणि अळणी आमटी मुकाट गिळतोय, म्हणजे समजा. गोळ्या झाल्या, डॉक्टर बदलून झाले. मग हा स्प्रे सुरू झाला. आणि गेल्या आठवड्यात पहिल्या घासाला ते म्हणाले, मीठ कमी आहे. "मी ओट्याला धरून हसले का रडले ते आठवत नाही. आता हे बंद पडलं, तर मी मीठ कुणासाठी घालू?"

राहीलनं डबा बघू का म्हणून विचारलं. डब्यात थालीपिठाचा एक तुकडा उरला होता, थोडं दही, आणि चमचे दोन.

तो दोन्ही चमचे हातात घेऊन रुकय्याकडे गेला. त्यानं काहीच विचारलं नाही. रुकय्यानं मान खाली घातली. बायकांना महिन्यातले काही दिवस रोजे माफ असतात. राहीलला तीन बहिणी होत्या, त्यामुळे यापुढचं सांगावं लागलं नाही. तेवढे दिवस बायका कुणाला न कळता कोपऱ्यात दोन घास खातात. रुकय्याही गेली होती. थालीपीठ एकच होतं, पण मंजिरीचं बोलणं दोन वर्षांचं साचलेलं होतं.

म्हणजे नर्स जागेवर नव्हती. आता चोरी सिद्ध न होताही तिची नोकरी गेल्यातच जमा होती, आणि हे शोधून काढलं होतं तिच्या बाजूनं तपासणाऱ्या माणसानं. राहीलला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपण थोडं कमी हुशार असतो तर बरं झालं असतं.

"मग तेवढा वेळ खोलीत कोण होतं?" त्यानं विचारलं.

"सत्यजितसाहेब. एकटेच."

"एकटा कशाला," दारातून आवाज आला. सत्यजित मोजे हातात घेऊन उभा होता. "मी होतो ना माझ्याबरोबर."

४

त्यानं हे अगदी सहज सांगितलं, शेजारी कुलकर्णी राहतात तसं. स्प्रे घेऊन तो पडला होता. खोली लांब लांब गेली. मग दार उघडलं आणि तो स्वतः आत आला, शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसला.

हे त्यानं अरवांनाही सांगितलं होतं. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. या औषधावर माणूस स्वतःलाच बाहेरून बघतो, हे नेहमीचंच. तसं झालं, की उपचार रीतसर चालले आहेत असं समजायचं. अख्ख्या क्लिनिकमध्ये या वाक्यावर संशय घेणारा माणूस नव्हता, कारण त्यावर संशय घ्यायचा नाही हेच तिथं शिकवलं जाई.

राहीलला तसं काही शिकवलेलं नव्हतं.

"आलेल्या सत्यजितनं काय केलं?"

"टाय सैल केला. ट्रेकडे बघत बसला. मग नाकाशी काहीतरी केलं, मान मागे टाकली, आणि बऱ्याच वेळानं रडायला लागला. मी म्हटलं, रड बाबा, दोन वर्षं अडकलंय तुझं."

"काय म्हणत होता?"

"वडिलांचं. खांदा द्यायला जाता आलं नाही म्हणत होता. लहानपणी होडीतून उतरताना ते हात धरायचे, म्हणे. पाण्यात उडी मारायला लागू नये म्हणून उचलून वाळूत ठेवायचे." सत्यजितचा आवाज ओला झाला. "मला फार हलकं वाटलं, अहो. कुणीतरी माझं रडून टाकलं."

मंजिरी डोळे पुसायची थांबली होती. "खांदा? मामंजी तर ठणठणीत आहेत. रोज सकाळी फोन करून इथलं तापमान विचारतात आणि नाशिकचं सांगतात."

"हो ना," सत्यजित म्हणाला. "मलाही नंतर ते जरा खटकलं."

"तुम्ही होडीत कधी बसलात?" राहीलनं विचारलं.

"छे. पाण्याशी आमचा संबंध म्हणजे गोदावरीला पूर आला की पुलावरून बघायचं."

"आणि टाय?"

सत्यजितनं स्वतःच्या ट्रॅकपँटकडे पाहिलं, मग टी-शर्टकडे. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू आश्चर्य उगवलं. जगात आपण एकच आहोत, हे त्याला त्या क्षणी पुन्हा कळलं असावं.

राहील उठला. त्यानं हम्मादला दुसऱ्यांदा उठवलं आणि पिवळी पेटी उघडायला सांगितली. हम्माद कुरकुरला, की आपण भरलेला स्प्रे शोधतोय, रिकाम्यांच्या पेटीत काय बघायचं. पेटी सकाळीच रिकामी करून लावली होती. अरवा समोर उभ्या राहिल्या, कुलूप निघालं.

सत्यजितनं वापरले होते दोन. पेटीत रिकामे निघाले तीन.

५

रहस्य उलगडायचं म्हणजे सगळ्यांना एका खोलीत बसवावं लागतं, आणि त्यासाठी फार फोन करावे लागतात. रमजानात ते काम आपोआप होतं. मगरिबच्या आधी स्टाफरूममध्ये जमिनीवर सुफ्रा, म्हणजे जेवणाची प्लास्टिकची चादर, अंथरली होती. खजूर, ताक, समोसे, आणि भोवती सगळे, शांत, समोरच्या खजुरावर नजर लावून. इतके लक्षपूर्वक ऐकणारे श्रोते इतर अकरा महिने मिळत नाहीत.

जमालुद्दीन टोकाला बसले होते. त्यांच्यासमोर फोन होता.

राहील म्हणाला, स्प्रे चोरून कुणी बाहेर नेलाच नाही. तो त्याच खोलीत, ठरलेल्या खुर्चीत, मान मागे टाकून, रीतसर वापरला गेला. वापरून झाल्यावर रिकामा स्प्रे खिशात घालायचा, समुद्रात फेकायचा, तर चोरानं तो पिवळ्या पेटीत टाकला. असा चोर मी सहा वर्षांत पाहिलेला नाही. चोरी करतानासुद्धा हा माणूस नियम पाळत होता.

"मग मी विचार केला, इथं नियम कोण पाळतं? डॉक्टर औषध तोंडी बदलतात. हम्माद झोपतो. आपा जागा सोडून थालीपीठ खातात. वहिनींनी बाहेरचा डबा आत आणलाय. सत्यजितसाहेब तर एकाच वेळी दोन खुर्च्या अडवतात." हम्मादला भाषांतर कळल्यावर तो एकटाच हसला. "असा एकच माणूस आहे, ज्यानं औषध घेतल्यावर आवडती गाडीसुद्धा चालवली नाही. कारण तसा नियम आहे."

कुणी वळून पाहिलं नाही. सगळे आणखी मन लावून खजुराकडे बघू लागले.

जमालुद्दीननी टायची गाठ सैल केली.

"दोनच दिलेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "मला वाटलं, तिसरा पेशंटच्या नावावर जाईल. म्हणून म्हणतो, तोंडी काही करू नये."

"तुम्ही मला का बोलावलंत, चाचा?"

"नियम आहे. बाहेरचा माणूस बोलवायचा." ते थांबले. "म्हसळ्याचा बोलवायचा असा नियम नाही. तो मी बोलावला."

"आणि मगरिबनंतर? आपांचं नाव दिलं असतं?"

"खोटं नाही बोलत बाळा. दिलं असतं का स्वतःचं सांगितलं असतं, मला माहीत नाही. संध्याकाळपर्यंत कळेल असं वाटत होतं."

रुकय्यानं तोंड उघडलं ते दिवसभरात पहिल्यांदा रागानं. "माझी पोरगी उद्या पेपरला कुणाबरोबर गेली असती, ते कळलं असतं का संध्याकाळपर्यंत?" जमालुद्दीननी समोरचा फोन पालथा ठेवला. ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि तिचा आवाज अर्ध्यावर उतरला. मग तिनंच बाकीच्यांना सांगितलं. गेल्या वर्षी हर्णैला यांचे वडील वारले. मयत त्याच दिवशी उचलतात, थांबत नाहीत. रजेचा अर्ज आधी द्यायचा, हा यांचाच नियम. यांनी स्वतःला रजा दिली नाही. त्या दिवशी केबिनमध्ये बसून यांनी आमचा ड्युटीचार्ट दुरुस्त केला. तेव्हापासून हे नियमच करतायत.

"मी रोज त्या दारावरून फेरी मारतो," जमालुद्दीन म्हणाले. "लोक आत जातात तेव्हा त्यांचे चेहरे माझ्यासारखे असतात. येताना नसतात. मी मॅनेजर. माझं नाव त्या यादीत लागलं तर उद्या कोण ऐकेल माझं? आज दार उघडं होतं. एक स्प्रे होता, एक खुर्ची होती." मग अगदी हळू म्हणाले, "रोजासुद्धा गेला माझा. वडिलांच्या नावानं धरला होता."

"आजाऱ्याला सूट असते, चाचा. बरं झाल्यावर भरून काढायचा. तो नियम तुमच्याआधीचा आहे."

"त्यासाठी आजारी असावं लागतं."

राहीलनं आयुष्यभर या वाक्याच्या दुसऱ्या बाजूला नोकरी केली होती. आहे का, खरंच आहे का, पुरावा काय. त्यानं अरवांकडे पाहिलं.

अरवांना मराठी येत नव्हती, पण कुणी अरबीत सांगायच्या आधीच त्या उठल्या, जमालुद्दीनच्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांची नाडी धरली.

"आहात," राहील म्हणाला. "मी स्वतः तपासलंय. आणि मी सहसा कुणाचं मान्य करत नाही."

अजान झाली. पहिला खजूर रुकय्यानं जमालुद्दीनच्या हातावर ठेवला, जरा जोरानंच.

६

अरवांनी वर जे कळवलं ते जसं घडलं तसंच कळवलं, की औषध चोरीला गेलेलं नाही, ते क्लिनिकमध्येच एका आजारी माणसाच्या नाकात गेलेलं आहे, तिन्ही रिकामे स्प्रे जागेवर आहेत, आणि आजारी माणसावर उपचार सुरू केले आहेत. वरून पुष्कळ प्रश्न आले. जमालुद्दीनकडून कपाटाच्या किल्ल्या गेल्या, मॅनेजरची खुर्ची गेली, आणि त्याऐवजी दर आठवड्याला मागे कलणारी एक मिळाली. जागा सोडल्याबद्दल रुकय्याला लेखी ताकीद मिळाली. तिचा मसुदा जमालुद्दीननीच करून दिला, कारण दुसऱ्या कुणाला ती भाषा येत नव्हती. त्या संध्याकाळी मात्र ते तिथंच खुर्चीत झोपले, आणि पांघरूण कुणी घालायचं यावरून थोडी ओढाताण झाली.

लाइबाला पेपरला राहीलनं सोडलं. तिनं वाटेत फक्त एकदाच तोंड उघडलं, "अंकल, यू ड्राइव्ह व्हेरी स्लोली." राहील म्हणाला, विमा आहे.

सत्यजित आता आमटीवर तक्रारी करतो. मंजिरी म्हणते, आता जरा जास्तच करतो. शेजारच्या खुर्चीत आता खरोखर दुसरा माणूस असतो हे ठाऊक असूनही तो कधीकधी जमालुद्दीनना विचारतो, मी ठीक आहे ना?

तिसऱ्या खेपेनंतर अरवांनी जमालुद्दीनना सांगितलं, वडिलांना जे सांगायचं राहिलं ते लिहून काढा, कसंही लिहा. त्यांना एकाच प्रकारे लिहिता येत होतं. ते त्यांनी लिहिलं आणि शिस्तीत नव्या मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं. नवा मॅनेजर लेबनॉनचा. तो सगळ्यांना विचारत फिरला, हे काय आहे. शेवटी राहीलनं फोनवर त्याचा फोटो मागवून वाचला.

*प्रति, मा. व्यवस्थापक.*

*विषय: पूर्वलक्षी प्रभावाने रजा मिळणेबाबत.*

*महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो, की अर्जदाराचे वडील गेल्या वर्षी एका मंगळवारी वारले. त्याची आगाऊ सूचना त्यांनी न दिल्यामुळे अर्ज विहित मुदतीत सादर करता आला नाही. सदर विलंब क्षमापित करून अर्जदारास त्याच मंगळवारपासून तीन दिवसांची रजा मंजूर व्हावी. तसेच, जेद्दाहून मुंबई व तेथून रस्त्याने हर्णै हा प्रवास लक्षात घेता, अर्जदार पोहोचेपर्यंत मयत न उचलण्याबाबत हर्णैच्या जमातीस आपल्या स्तरावरून तातडीने कळवावे, ही विनंती.*